व्हिडिओ गेम : मजा कशात आहे?



कामगार संघटनेचा कार्यकर्ता व्यासपीठावर आला म्हणजे तो बोनस, कंत्राटी पद्धत किंवा नवे कायदे यांवर बोलणार, असे आपण धरून चालता. आज मी व्हिडिओ गेमवर बोलणार आहे. तरीही मी माझे क्षेत्र सोडून परक्या शेतात शिरलो आहे, असे मला वाटत नाही. कामगार चळवळीने आरंभापासून दोन गोष्टी मागितल्या. एक, श्रमाचा योग्य मोबदला. आणि दुसरी, फुरसत. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून जे मागणे मांडले, त्यात रविवारची सुटी होती, दुपारची विश्रांती होती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. ज्या सुटीसाठी माणसे अशी झगडली, त्या सुटीत माणूस करतो काय, याकडे चळवळीने नाक मुरडून पाहावे, हे बरे नव्हे.

आजची फुरसत पुष्कळदा सबंध दिवसाची नसते. ती दहा मिनिटांची असते. पाळी संपवून लोकलमध्ये उभा असलेला फिटर, इमारतीच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेला रखवालदार, पुढच्या ऑर्डरची वाट पाहत स्कूटरवर टेकलेला डिलिव्हरीचा मुलगा, हे सारे त्या दहा मिनिटांत मोबाईलवर काहीतरी खेळत असतात. “काय करतोस रे?” असे विचारले तर उत्तर एकच : “टाइमपास.” या एका शब्दाखाली काय काय झाकलेले आहे, ते उघडून पाहावे, एवढाच आजचा हेतू आहे. त्यासाठी मी माझ्या आवडीचे चार जुने खेळ घेतो. ते पुष्कळांना ठाऊक आहेत, आणि मजेची मुळे त्यांत स्वच्छ दिसतात.

पहिला ‘स्पेस इन्व्हेडर्स’. १९७८ साली जपानमधील ताइतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी तो जवळजवळ एकट्याने तयार केला. पडद्यावर पाच ओळींत अकरा-अकरा, म्हणजे एकूण ५५ परग्रहवासी डावी-उजवीकडे सरकत खाली उतरतात. आपण खालून एकेक टिपायचा. यातली मौज पाहा. जसजसे शत्रू कमी होतात, तसतसे उरलेले अधिक वेगाने धावू लागतात. हे मुळात कोणी ठरवलेले नव्हते. ५५ आकृत्या काढताना यंत्राची दमछाक होई. आकृत्या घटल्या की त्याचे काम हलके होई आणि त्या भराभर हलत. निशिकादोंनी हा प्रकार पाहिला आणि तो तसाच राहू दिला. त्यामुळे यश मिळू लागले की काम सोपे न होता अवघड होते, आणि हात बसत जातो तसे आव्हानही वाढत जाते. नवशिक्याला सोपे काम आणि तयार हाताला नाजूक काम देणारा जो जाणता उस्ताद असतो, त्याचीच ही रीत आहे.

दुसरा ‘पॅक-मॅन’, साल १९८०. नाम्को कंपनीच्या तोरू इवातानी यांना असे दिसले की, खेळाची दुकाने म्हणजे केवळ पुरुषांचे अड्डे झाले आहेत. स्त्रियांनाही तिथे यावेसे वाटावे, म्हणून त्यांनी मारामारी टाळून खाण्याचा खेळ केला. चक्रव्यूहातले ठिपके खात हिंडायचे आणि चार भुतांना चुकवायचे. ही चार भुते एकसारखी नाहीत. तांबडे थेट पाठीवर येते. गुलाबी आपण जिथे जाणार त्याच्या पुढचा रस्ता धरते. नारिंगी अंगावर चालून येते, आणि जवळ पोचले की आपल्या कोपऱ्याकडे पळते. निळ्याची चाल तांबडे कुठे आहे त्यावर अवलंबून असते. पहिल्या दिवशी खेळणाऱ्याला वाटते, सगळा गोंधळ आहे. आठ दिवसांनी त्याला प्रत्येकाचा स्वभाव कळतो, आणि मग भीती जाऊन तिच्या जागी युक्ती येते. तुम्ही तीच वाट तशीच चाललात, तर भुतेही तशीच वागतात. ती लहरी नाहीत. संकट कितीही मोठे असो, त्याला नियम आहे आणि तो नियम मला कळू शकतो, ही खात्री माणसाला फार मोठे सुख देते.

तिसरा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, साल १९८५. नव्वद सालानंतर टीव्हीला जोडायच्या यंत्रांबरोबर त्याची कॅसेट आपल्याकडे पुष्कळ घरांत आली. शिगेरू मियामोतो यांनी निर्मिलेला हा मारिओ १९८१ च्या ‘डाँकी काँग’ या खेळात सुतार होता. १९८३ साली तो प्लंबर झाला. राजपुत्र नव्हे, सेनापती नव्हे, तर हाताने काम करणारा माणूस नायक झाला, याचे मला कौतुक आहे. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या खेळाची शिकवण्याची हातोटी. मी स्वतः जे काही शिकलो ते शाळेबाहेर शिकलो. म्हणून कोण कसे शिकवतो, याकडे माझे लक्ष जाते. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते. तेव्हा कुठे जायचे ते न सांगता समजते. थोडे चालताच एक छोटा शत्रू समोरून येतो. उडी मारली नाही तर मरण. पुढे एका चौकोनातून अळंबे बाहेर पडते. नवा खेळाडू त्यालाही शत्रू समजून पळू पाहतो, पण ते नळावर आपटून परत त्याच्याचकडे येते, आणि त्याला कळते की, याने आपण मोठे होतो. पाठ्यपुस्तक नाही, छडी नाही, चारचौघांत अपमान नाही. चुकलात तर पुन्हा सुरू करा. आमच्या किती कारखान्यांत शिकाऊ मुलाला असे शिकवतात?

चौथा ‘टेट्रिस’, आणि तो माझा सर्वांत आवडता. १९८४ साली मॉस्कोत सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी तो रचला. त्यांच्या एलेक्ट्रोनिका ६० या यंत्राला चित्रे काढता येत नसत, म्हणून त्यांनी चौकोनी कंस जोडून आकृत्या केल्या. चार-चार चौकोनांचे सात तुकडे. ते वरून पडतात. फिरवून, सरकवून नीट बसवायचे. आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते. बस्स, एवढेच. यात गोष्ट नाही, शत्रू नाही, बक्षीस नाही. ज्याने कधी बांधकामावर वीट रचली असेल किंवा टेम्पोत माल भरला असेल, त्याला यातले सुख समजावून सांगावे लागत नाही. वस्तू जागच्या जागी बसली म्हणजे मनालाही बसल्यासारखे वाटते. हा खेळ खेळाडूला विजय देत नाही. शेवटी तुकडे वरपर्यंत साचतातच. डिसेंबर २०२३ मध्ये तेरा वर्षांच्या एका अमेरिकन मुलाने जुन्या निन्टेन्डो यंत्रावर तो इतका पुढे नेला की, १५७ व्या पातळीवर यंत्रच थिजले. बाकी आपण सारे हरतो, आणि हरूनही पुन्हा बसतो.

आता या चार खेळांचा जमाखर्च मांडू. मजा कशात आहे? माझ्या मते ती चार गोष्टींत आहे. नियम सर्वांना सारखे आणि समजण्याजोगे असतात. हाताने केलेल्या कामाचे फळ तत्काळ डोळ्यांना दिसते. चूक झाली तर शिकून पुन्हा उभे राहता येते. आणि चौथे, सर्वांत महत्त्वाचे : वाटेल तेव्हा उठून जाता येते.

बंधुभगिनींनो, ही यादी नीट पाहिली तर ध्यानात येईल की, ही केवळ खेळाची लक्षणे नव्हेत. ही चांगल्या कामाची लक्षणे आहेत. विणकर, लोहार, गवंडी यांस आपल्या कसबात जो आनंद मिळतो, तोच हा आनंद आहे. कामाचे तुकडे पाडून, घड्याळ लावून, वर मुकादम बसवून तो ज्याच्या हातून काढून घेतला गेला, तो कामगार दहा मिनिटे मोबाईलच्या काचेवर त्याचा शोध घेतो. म्हणून ‘ही अफू आहे’ असे म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. भुकेल्याने भाकरीचे स्वप्न पाहिले, तर दोष भुकेचा, स्वप्नाचा नव्हे.

परंतु हे खेळ करणारेही कामगारच असतात, हे विसरून चालणार नाही. १९७०-८० च्या दशकांत अटारी कंपनी खेळावर तो करणाऱ्याचे नाव घालीत नसे. वॉरन रॉबिनेट या प्रोग्रामरने ‘ॲडव्हेंचर’ या खेळात एक गुप्त खोली ठेवली आणि तीत आपले नाव लिहून ठेवले. त्याच कंपनीचे चार प्रोग्रामर श्रेय आणि मोबदला यांवरून १९७९ साली बाहेर पडले आणि त्यांनी ‘ॲक्टिव्हिजन’ ही कंपनी उभी केली. पाजित्नोव्ह यांना तर टेट्रिसचे मानधन १९९६ पर्यंत मिळाले नाही. काळाचा खेळ असा की, २०२२ साली त्याच ॲक्टिव्हिजनच्या रेव्हन नावाच्या शाखेत दोष तपासणाऱ्या कामगारांनी आपली संघटना मतदानाने स्थापन केली. पुढच्या वर्षी झेनिमॅक्समधील अशाच सुमारे ३०० कामगारांची संघटना मायक्रोसॉफ्टने मान्य केली. खेळांतील पात्रांना आवाज देणारे अमेरिकन कलावंत जुलै २०२४ मध्ये संपावर गेले. आपला आवाज आणि हालचाल यंत्राने परस्पर वापरू नये, ही त्यांची मुख्य मागणी होती. जून २०२५ मध्ये तो संप थांबला. ज्या मजेवर आपण दहा मिनिटे खर्च करतो, तिच्यामागे कोणाच्या तरी रात्री गेलेल्या असतात.

आता धोक्याची बाजू. मोबाईलवरचे पुष्कळ नवे खेळ मी सांगितलेली चौथी गोष्ट हळूच काढून घेतात. रोज आलात तर बक्षीस, एक दिवस चुकलात तर साखळी तुटली! अहो, हे तर मस्टर झाले. जो खेळ हजेरी घेतो, तो खेळ राहत नाही. ती बिनपगारी पाळी होते. जिथे पैसे लावून खेळायचे, तिथे तर नियमांची मजा संपते आणि उधारी सुरू होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केला. त्या कायद्यावर वाद आहेत; पण कर्ज काढून खेळणाऱ्याच्या घरी जो गेला आहे, त्याला त्याची गरज पटवावी लागत नाही.

याहून मोठा धोका उलट दिशेचा आहे. खेळाला कामाचे रूप दिले, तसे आता कामाला खेळाचा अंगरखा चढवतात. डिलिव्हरीच्या ॲपवर तारे असतात, पातळ्या असतात, ‘आणखी तीन ऑर्डर, की इन्सेंटिव्ह पक्का’ अशी लालूच असते. मुलगा पावसात गाडी हाकतो आणि पडद्यावर पट्टी भरत जाते. या खेळाला आपण आपल्या चार कसोट्या लावू. नियम सारखे आणि समजण्याजोगे आहेत काय? ते रातोरात बदलतात, आणि कोणी बदलले ते कळत नाही. फळ तत्काळ दिसते काय? पट्टी दिसते; पैसे किती कापले ते दिसत नाही. चुकल्यावर पुन्हा संधी मिळते काय? एका तक्रारीवर आयडी बंद होतो. उठून जाता येते काय? घरचे भाडे भरायचे असेल तर येत नाही. म्हणजे खेळातले दिवे घेतले आणि खेळातला न्याय मात्र बाहेर ठेवला. पॅक-मॅनची भुतेदेखील यापेक्षा सचोटीने वागतात!

म्हणून मी तरुण सभासदांना “खेळणे सोडा” असे सांगत नाही. मी सांगतो की, खेळताना जे नैसर्गिक वाटते, ते कामावर मागा. पडद्यावर नियम मधेच फिरला तर तुम्ही ‘चीटिंग’ म्हणून ओरडता. तोच संताप दर फिरल्यावरही यावा. हे मागणे हवेतले नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगार’ हा शब्द कायद्यात आणला. कर्नाटकाने २०२५ साली केलेल्या कायद्यात, काम वाटणारी आणि मोबदला ठरवणारी यंत्रणा कशी चालते ते कामगाराला कळवावे, आणि काम बंद करण्यापूर्वी कारणासह सूचना द्यावी, अशी तरतूद आहे. खेळाडूला जे न मागता मिळते, ते कामगाराला कायद्याने मिळू लागले आहे. महाराष्ट्रातही ते मिळाले पाहिजे, आणि ते संघटनेवाचून मिळणार नाही.

लोखंड्यांच्या पिढीने रविवार मिळवला. त्या रविवारी कोणी भजनाला गेला असेल, कोणी कुस्तीला, कोणी नुसता झोपला असेल. त्याचा हिशेब कोणी मागितला नाही, आणि मागूही नये. फुरसतीत माणसाने काय करावे, हे त्याचे त्याने ठरवावे. आपण पाहायचे ते एवढेच की, त्याची फुरसत त्याचीच राहील, आणि खेळात जो न्याय त्याला दहा मिनिटे भेटतो, तो उरलेल्या आठ तासांतही भेटेल.