शेजाऱ्यांचे युद्ध : विद्वान आणि साधक

पुण्याहून सिंहगडाकडे जाताना खडकवासल्याचे धरण लागते. त्याच्या जलाशयाकाठी ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला बसली. त्याच वेळी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात भाऊबंदांच्या एका प्राचीन युद्धाचा शोध चालला होता. महाभारताची संशोधित आवृत्ती सिद्ध करण्याचे कार्य तेथे १९१९ पासून सुरू होते.

गीता ज्यात येते ते भीष्मपर्व डॉ. बेलवलकरांनी १९४७ साली प्रसिद्ध केले. फाळणीचे आणि काश्मीरच्या पहिल्या लढाईचे तेच वर्ष! विराटपर्वाचे संपादक डॉ. रघुवीर लाहोरचे, तर उद्योगपर्वाचे डॉ. सुशीलकुमार डे ढाक्याच्या विद्यापीठातले. श्रीकृष्णाची शिष्टाई फसते ती याच उद्योगपर्वात. पुढे ही दोन्ही नगरे परराष्ट्रात गेली. तरी डे यांनी संपादिलेले द्रोणपर्व १९५८ साली पुण्यातूनच निघाले. पाठभेदांना सरहद्द कोठली?

१९६२ च्या ऑक्टोबरात चीनने आक्रमण केले आणि ग्रंथातला प्रश्न दाराशी येऊन ठेपला. प्रबोधिनीतून बाहेर पडलेले तरुण आघाडीवर होते. रघुवीर १९५५ साली चीनमध्ये जाऊन बौद्ध ग्रंथांचा मोठा संग्रह घेऊन आले होते. त्या संस्कृतीवर त्यांचे प्रेम निस्सीम. पण तेथील राज्यकर्त्यांपासून सावध राहा, असा त्यांचा इशारा असे. चीनविषयक धोरणाच्या मतभेदाने त्यांनी काँग्रेस सोडली. उलटपक्षी, महाराष्ट्राचे जुने गांधीमार्गी शंकरराव देव १ मार्च १९६३ रोजी दिल्लीहून पेकिंगकडे मैत्रीयात्रा घेऊन पायी निघाले. सोबत काही परदेशी शांतिवादीही होते. जखम ओली असता शत्रूच्या दारी चालत जाणे अनेकांना वेडेपणाचे वाटले. चीनने प्रवेश नाकारला; यात्रा आसामातच थांबली.

रघुवीरांचा इशारा खरा ठरला, हे कबूल केलेच पाहिजे. म्हणून देवांचे चालणे व्यर्थ गेले, असे म्हणवत नाही. शिष्टाई फसणार हे श्रीकृष्णासही ठाऊक होते. तरी तो हस्तिनापुरास गेलाच ना? महाभारतात सर्वांत मोठे पर्व कोणते म्हणाल, तर रणाचे नव्हे, रणानंतरचे शांतिपर्व.

१९६५ चे पाकिस्तानशी युद्ध थांबून वर्ष होत असता, २२ सप्टेंबर १९६६ रोजी पुण्यात राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी ही संशोधित आवृत्ती पूर्ण झाल्याची घोषणा केली. रघुवीर त्यापूर्वीच, १९६३ च्या मे महिन्यात, दिवंगत झाले होते.