बॅनरच्या आधीच पडलेलं अ‍ॅप : लॉगिंग नेमकं कुठे अडतं?

अकोल्याहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली आहे. तो म्हणतो, "भाऊ, स्प्रिंग बूटचं अ‍ॅप लॅपटॉपवर मस्त चालते. क्लाउडवर टाकलं की पॉड सुरू होते अन् पडते. लॉग पाहाले गेलो तं काहीच नाही. काऊन?"

पहिली नोकरी, घरून काम, रात्रीचं डिप्लॉयमेंट आणि समोर क्रॅशलूपबॅकऑफ. घाम फुटतोच. एरवी बिघाड शोधायला आपण लॉग बघतो, इथे लॉगिंगच बिघडलेलं असतं.

आधी क्रम समजून घ्या. अकोल्याहून रेल्वेने अमरावतीला निघालात, तर आधी मूर्तिजापूर, मग बडनेरा, मग अमरावती. गाडी मूर्तिजापूरलाच अडली, तर अमरावती स्टेशनवर चौकशी करून काय फायदा? स्प्रिंग बूटचंही तसंच आहे. आधी एन्व्हायर्नमेंट तयार होतं, लगेच लॉगिंग उभं राहतं, मग तो मोठ्या अक्षरांतला स्प्रिंगचा बॅनर छापला जातो, मग कॉन्टेक्स्ट आणि बीन्स, मग टॉमकॅट.

म्हणून पहिला प्रश्न : बॅनर दिसला का? तुम्ही तो बंद केलेला नसेल आणि तरी दिसत नसेल, तर गाडी लॉगिंगवर किंवा त्याच्याही आधी अडली आहे. डेटाबेसचा पासवर्ड तपासत बसू नका.

आता पडून गेलेल्या कंटेनरचं आउटपुट काढा : क्यूबसीटीएल लॉग्ज, पॉडचं नाव, आणि शेवटी डॅश डॅश प्रीव्हियस. लॉगिंग उभं राहिलं नाही तर स्प्रिंग बूट थेट स्टँडर्ड एररवर लिहितं. तिथे साधारण तीन गोष्टी सापडतात.

एक, 'परमिशन डिनाइड'. लॉगबॅकला फाइल उघडायची आहे, पण कंटेनर रूट नसलेल्या युजरने चालतोय किंवा फाइलसिस्टिम रीड-ओन्ली आहे. लॅपटॉपवर फोल्डर तुमचंच असतं, म्हणून तिथे चालतं. उपाय : क्लाउडवर फाइल सोडा, कन्सोल अपेंडर वापरा. गोळा करायचं काम प्लॅटफॉर्मचं. फाइल हवीच असेल तर लिहिता येईल असा व्हॉल्यूम जोडा.

दोन, कॉन्फिगची फाइलच सापडत नाही. लॉगिंग डॉट कॉन्फिग किंवा त्याच नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कुठे बोट दाखवतोय ते बघा. जारमधली फाइल असेल तर आधी 'क्लासपाथ' आणि कोलन लागतो. आणि प्रोफाइलनुसार वेगळं लॉगिंग हवं असेल, तर फाइलचं नाव लॉगबॅक डॉट एक्सएमएल नको, लॉगबॅक-स्प्रिंग डॉट एक्सएमएल ठेवा. पहिली फाइल इतक्या लवकर वाचली जाते, की स्प्रिंगचे टॅग तिथे चालतच नाहीत.

तीन, दोन लॉगर एकाच जारमध्ये. 'लॉगरफॅक्टरी इज नॉट अ लॉगबॅक लॉगरकॉन्टेक्स्ट' असा एरर आला, की मेव्हनचं डिपेंडन्सी ट्री काढा आणि नको असलेलं एक्सक्लूड करा. ही सवय अजून एका कारणाने मोलाची. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरशेल उघड झालं, तेव्हा जगभर हाच प्रश्न होता : आपल्या जारमध्ये लॉगफोरजे-कोअर आहे का? मूळ लॉगबॅकवरच राहिलेल्या स्प्रिंग बूट अ‍ॅपना त्याचा फटका नव्हता, पण ट्री पाहिल्याशिवाय ते छातीठोक सांगता येत नव्हतं.

बॅनर दिसतो, पण लॉग कमी येतात? मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने लेव्हल वाढवा, नवीन बिल्ड नको. फक्त लक्षात ठेवा, तिथली नावं लहान लिपीत बदलतात. त्यामुळे पॅकेजची लेव्हल बदलते, एकट्या क्लासची नाही. आणि काम झालं की डीबग बंद करा. लॉगमध्ये टोकन, मोबाइल नंबर सांडू देऊ नका.

तर अकोल्याच्या दादा, बॅनर दिसला का, एवढं आधी पाहा आणि कळवा. तुमचेही प्रश्न व्हॉइस नोटने पाठवा, वऱ्हाडीत बोललात तरी चालते. भेटू पुढच्या भागात!