लांकडाचा धंदा, यंत्र आणि हिशेब

(शेतकरी, सुतार व लोहार मंडळींच्या सभेंत एका गांवच्या शाळामास्तरांनीं केलेलें भाषण.)



यंत्रांविषयीं बोलावयास मास्तर कशाला उभा राहिला, असें कोणी मनांत म्हणेल. घरीं ठेच लागली म्हणून उभा राहिलों आहें. माझ्या धाकट्या भावानें लांकडाची वखार घातली आणि पहिलें काम काय केलें, तर कर्ज काढून जुना टेंपो घेतला. पावसाचे चार महिने ना तोड, ना वाहतूक. टेंपो दारांत उभा, पण हप्ता महिन्याच्या महिन्याला हजर. वर्षानें टेंपोही गेला आणि आईच्या पाटल्याही गेल्या. कर्जाचा कागद भावानें वाचला नव्हता, आणि शिकलेला म्हणवणाऱ्या मींही वाचून दाखविला नव्हता. तो दोष माझा. म्हणून आज सांगतों तें नीट ऐका.

धंद्याचें पहिलें यंत्र कोणतें? मोजण्याची फीत! आपण बांधावरची बाभूळ नजरेनें विकतों. व्यापारी मात्र मापानें विकतो. गोल ओंडक्याचें माप असें घेतात: मधोमध दोरी गुंडाळून घेर घ्यावा, त्याचा चौथा हिस्सा काढावा, त्याला त्यानेंच गुणावें व मग लांबीनें गुणावें. घेर ४ फूट, लांबी १० फूट, तर चौथा हिस्सा १ फूट, आणि माप १० घनफूट. पण गोलाचें खरें गणित केलें तर तोच ओंडका सुमारें पावणेतेरा घनफूट भरतो! कडा व साल वायां जाते म्हणून ही सूट, असें व्यापारी म्हणतो, व त्यांत तथ्य आहे. पण एकदां ही सूट दिल्यावर सालीची पुन्हां वेगळी वजावट देऊं नका. शिवाय त्या कडा सरपण म्हणून विकल्या जातात, हेंही ध्यानांत ठेवा.

दुसरें यंत्र साखळीची करवत. हिचे आजचे दांते कसे सुचले, तें ऐकण्यासारखें आहे. १९४६ सालीं अमेरिकेंतील ओरेगॉन प्रांतीं जोसेफ कॉक्स नांवाच्या लांकूडतोड्यानें एका भुंग्याची अळी लांकूड पोखरतांना पाहिली. ती डावीउजवीकडे कुरतडीत पुढें जात होती. तिच्यावरून त्यानें साखळीचा नवा दांता बनविला. हातानें काम करणाऱ्याची नजर पुस्तकापुढें जाते ती अशी!

पण ही करवत जशी कामाची, तशीच घातकी. पात्याच्या टोंकाची वरची बाजू लांकडाला लागली कीं ती उसळून तोंडावर येते. म्हणून खांद्याच्या वर धरून कधीं कापूं नये. डोळ्यांना चष्मा, डोक्याला टोप, पायांत जाड बूट हवेतच. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरांत दुसरें माणूस नको. पेट्रोलांत तेल किती घालावें हें यंत्राच्या पुस्तकांत दिलेलें असतें. कित्येक यंत्रांना लिटराला २० मिलिलिटर लागतें. तें विसरलें कीं यंत्र जळालेंच समजा.

तिसरी गोष्ट यंत्राशिवायची, पण सर्वांत फायद्याची: वाळवणें. ओल्या लांकडांत पुष्कळदां निम्मे वजन पाण्याचें असतें. अशा १००० किलो लांकडांत ५०० किलो पाणी. तेंच फोडून, जमिनीपासून उंच, वारा खेळेल असें रचून, वर छप्पर घालून सहा महिने ठेवलें, तर पाणी पांचव्या हिश्श्यावर येतें आणि वजन ६२५ किलो उरतें. म्हणजे ओलें वाहणारा ३७५ किलो पाण्याचें भाडें भरतो! ओलें तोलून विकणें हा गिऱ्हाइकाशीं कपट आहे. कारण तिची चूल धुमसते आणि डोळे तिचे जातात. कोरड्या मालाला भाव अधिक मागा, पण माल कोरडाच द्या.

फळ्या पाडावयाच्या तर करवतीची जाडी पाहा. १२ इंची चौकट ओंडक्यांतून इंची फळ्या काढतांना पाव इंच खाणारी गोल करवत ९ फळ्या देते, तर अष्टमांश इंच खाणारी पट्टा करवत १० देते. दहावी फळी भुशांत घालवावयाची कीं सुताराच्या हातीं द्यावयाची? मात्र करवतगिरणीला वनखात्याचा परवाना लागतो. तो हातांत आल्याखेरीज यंत्राला विसार देऊं नका.

वाहन शेवटीं, आणि शक्यतों भाड्याचें. शेतीच्या नांवें नोंदलेल्या ट्रॅक्टरानें भाड्यानें माल वाहिला व अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारूं शकते. आपल्या राज्यांत १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणें साग, आंबा, फणस, चिंच, मोह, जांभूळ अशीं ठराविक झाडें आपल्याच शेतांतलीं असलीं तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. वाहतुकीचा पासही कोणत्या लांकडाला लागतो तें आधीं विचारून घ्या. नाक्यावर गाडी अडली कीं दिवसाचा नफा तेथेंच राहतो.

एकट्यानें सर्व यंत्रें घेऊं नयेत. पांच घरांनीं मिळून एक करवत, एक फोडण्याचें यंत्र घ्यावें. लोहारदादांनीं धार व दुरुस्ती पाहावी, सुतारदादांनीं माप, आणि वही घरांतल्या शिकलेल्या लेकीनें लिहावी. त्या वहींत पावसाळ्याचे चार महिने शून्य मिळकतीचे धरून मगच हप्ता ठरवावा. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनीं सावकाराचे कागद जाळले. पण जाळण्याची पाळी येऊं नये म्हणून सही करण्याआधींच कागद वाचणें बरें.

कोणाजवळ असा कागद असेल तर संध्याकाळीं शाळेंत घेऊन या. भावाच्या वेळीं चुकलों. तुमच्या वेळीं चुकणार नाहीं.