कळपाची संख्या आणि त्रैराशिक
(दुधनी येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



सोलापूरच्या माळांवरील काळवीट एकेक करून मोजणे दुरापास्त आहे. अशा प्रसंगी उपयोगी पडणारी एक युक्ती अमेरिकेत जॉर्ज केल्कर यांनी १९४० साली हरणांसाठी मांडली. (आडनाव ओळखीचे वाटले, तरी गृहस्थ तिकडचेच!) समजा, शिकारीपूर्वी शंभर माद्यांमागे ५० नर दिसत होते. ६० नर मारले गेले. नंतर शंभरांमागे ३०च दिसू लागले. १०० माद्यांमागे २० नर घटले, तर ६० नर किती माद्यांमागे? ३००. म्हणजे आरंभी नर १५०, कळप ४५०चा. आपले त्रैराशिकच हे!

आपल्याकडे १९७२च्या कायद्याने काळविटाच्या शिकारीस बंदी आहे, आणि ती योग्यच होय. वर्गात दुधनीच्या बाजारातील तूर पुरते. लाल व पांढरी तूर न मोजता डब्यात कालवावी. दोन-चार मुठी काढून शंभर पांढऱ्या दाण्यांमागे लाल किती, ते पाहून दाणे परत टाकावे. मग ६० लाल दाणे वेचून बाजूस ठेवावे व पुन्हा मुठी काढाव्या. उत्तर मांडल्यावरच मुलांना सारा डबा मोजू द्यावा. प्रत्येकाचे उत्तर थोडे निराळे येईल. ते खोडू नये.

माळावर मात्र तरुण नर मादीसारखाच पिंगट दिसतो. शिंगे न पाहता केवळ रंगावर विसंबल्यास नर माद्यांत मोजले जातील, आणि गणित बिनचूक असूनही उत्तर फसेल.