जुनी बंदूक: दुरुस्ती आधी, की परवाना?



बेलापूर, नेरुळ, पनवेल…
घर आवरताना माळ्यावर कधी पणजोबांची फौजी बंदूक निघते.
दस्ता तडकलेला. नळी गंजलेली.
मनात येतं, मिस्त्रीकडे देऊन चकचकीत करून घ्यावी.

थांबा.

चापाला हात लावू नका.
तोंडातून भरायच्या जुन्या बंदुकीत कधीकधी दारू तशीच राहिलेली असते.

आता कायदा.
1959 चा शस्त्र कायदा पुरातन, मोडक्या हत्याराला सूट देतो.
पण अट कडक आहे.
दुरुस्त करूनही त्यातून गोळी सुटता कामा नये.
म्हणजे, दुरुस्त होऊ शकणारी बंदूक, मोडकी असली तरी बंदूकच.
तिला परवाना लागतो.
आणि दुरुस्त करणाऱ्यालाही परवाना लागतो!

म्हणून आधी पोलिसांना कळवा.
नवी मुंबईचं पोलीस आयुक्तालय सीबीडी बेलापूरलाच आहे.

परवान्याचं मिटलं, तरी पॉलिश?
माझं मत, नकोच.
इंग्रजी अमदानीतल्या बंदुकीच्या बाजूच्या पट्टीवर बऱ्याचदा मुकुट असतो.
कुठे साल, कुठे 'टॉवर' किंवा 'एनफील्ड' हे नाव.
पॉलिश कागदाने घासलं, की ही ओळखच पुसली जाते.
इतिहासाच्या अभ्यासकाला तो गंज चालतो, कोरी चकाकी नाही.

निगेला सुकं, मऊ फडकं पुरे.
धातूवर तेलाचा अगदी पातळ हात.
लाकूड तडकलंय? तडकू दे.
खाडीकाठची दमट हवा मात्र सांभाळा.

आणि हो, शंभरी ओलांडलेली वस्तू परदेशातल्या भाच्याला परस्पर पाठवता येत नाही.
1972 चा पुरावस्तू कायदा आडवा येतो.