खो मिळेपर्यंत



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून प्रमुख पाहुण्याने विद्यार्थ्यांना उच्च ध्येयांचा उपदेश करावा, असा शिरस्ता आहे; परंतु ज्याची उमेदीची वर्षे खो-खोच्या मैदानावर पंचाची शिट्टी सांभाळण्यात गेली, त्याने आपल्या अधिकारातील गोष्टच बोलावी हे उचित, म्हणून काल सकाळी आपल्याच क्रीडांगणावर तिसरीच्या दोन तुकड्यांचा जो सामना मी पाहिला, त्याविषयी मी बोलणार आहे. त्यातील बहुतेकांचा तो आयुष्यातील पहिला सामना होता. फक्कीने आखलेले मैदान, दोन टोकांचे खांब, पाठीवर क्रमांक असलेला गणवेश, घड्याळ हाती घेतलेला वेळाधिकारी आणि दोरीपलीकडे दाटीने उभे असलेले आईवडील, एवढा सारा सरंजाम आपल्यासाठी मांडलेला आहे, याचे नवल त्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होते.

गल्लीत किंवा वाड्याच्या अंगणात खेळणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुलाला मोठी मुले कच्चे लिंबू म्हणून खेळात घेतात. त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद झाला तरी बाद धरला जात नाही, आणि दम लागला की टाइमप्लीज म्हणून बाजूला होण्याची मुभा त्याला असते. या व्यवस्थेत मोठी माया आहे, आणि ती नाहीशी व्हावी असे मी कदापि म्हणणार नाही. परंतु पंचाच्या शिट्टीवर सुरू होणाऱ्या पहिल्या सामन्यात त्या मुलाच्या आयुष्यात प्रथमच असे काही घडते की, त्याचे बाद होणे खरे धरले जाते, त्याने टिपलेला गडी गुणपत्रिकेवर नोंदला जातो आणि त्याची कसूर झाली तर तिचा निवाडा, आई, बाबा वा ताई नव्हे, तर त्याला ओळखतही नसलेला एक माणूस करतो. आपण मोजले जातो, याचा आनंद आणि आपण मोजले जातो, याची धास्ती, ही दोन्ही त्या कोवळ्या मनाला एकाच क्षणी भेटतात.

पूर्वी खो-खो गावोगाव आपापल्या रिवाजाने खेळला जाई. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 साली त्याचे नियम लिखित स्वरूपात सिद्ध केले, आणि त्या खटाटोपाचे फळ असे की, आज कोणत्याही गावचे मूल कोणत्याही गावच्या मैदानावर एकाच कायद्याखाली उभे राहू शकते.

आणि हा कायदा लहान मुलासाठी किती कठीण आहे, याचा आपण मोठी माणसे क्वचितच विचार करतो. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी मधल्या पाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा धावतो. पळणारा प्रतिस्पर्धी हाताच्या अंतरावरून निसटून गेला तरी, पाठीमागून स्पर्शासह स्पष्ट शब्दांत खो मिळाल्याशिवाय बसलेल्याने उठावयाचे नाही. उठल्यावर मध्यरेषा ओलांडावयाची नाही. आणि एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागे वळावयाचे नाही. ज्या वयात सर्व शरीर धावण्यासाठी आसुसलेले असते, त्या वयात धावण्याचा हक्क सोबत्याच्या हातून मिळेपर्यंत दबा धरून बसणे, आणि तो मिळताच क्षणाचाही विलंब न लावता उठणे, ही माझ्या मते बालवयातील फार मोठी साधना आहे. काल एक चिमुरडी खो न मिळताच उठली. शिट्टी वाजली. तिने दोरीपलीकडे आईकडे पाहिले; आईने बोटाने खूण केली नाही, पंचाकडे दाद मागितली नाही, केवळ प्रसन्न मुद्रेने पाहत राहिली; आणि ती मुलगी आपण होऊन खाली बसली. त्या माउलीने त्या घटकेला आपल्या लेकीला जे दिले, त्याचे मोल मी शब्दांत सांगू शकत नाही.

दुर्दैवाने दोरीपलीकडचे सारेच आवाज असे संयमी नव्हते. संरक्षणाला तिघातिघांच्या तुकड्या उतरतात. त्यांतील पहिल्याच तुकडीतला एक मुलगा हूल देण्याच्या नादात लवकर बाद झाला, आणि तो बाहेर येत असताना, कसे पळायला हवे होते याचा पाढा त्याच्यापुढे भर मैदानात वाचला गेला. पालकहो, मी कळकळीने विनवितो, हे करू नका. बाद झाल्याचे दुःख मुलाला झालेलेच असते, आणि ते त्याचे त्याला पचवू द्यावे. त्याला पाणी द्या, जवळ बसवा, आणि पुढच्या पळतीकडे त्याच्यासोबत पाहा. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यांत नेपाळला नमविले, आणि त्या दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर यांच्याकडे होते, याचा मला अपार अभिमान आहे. तथापि त्या चषकाचे ओझे तिसरीतल्या मुलाच्या खांद्यावर आजच ठेवण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

आणखी एक गोष्ट मला रात्रभर सलत राहिली. प्रत्येक संघात नऊ खेळत होते आणि तीन राखीव होते. खेळाच्या शास्त्रात राखीव गडी आवश्यकच असतात. पण काल ती मुले नवा गणवेश घालून, बुटांचे बंद पुनःपुन्हा आवळून, अखेरच्या शिट्टीपर्यंत दोरीशी बसून राहिली आणि धूळही न लागलेल्या कपड्यांनी घरी गेली. पाटीवर बसलेल्याला खो मिळण्याची आशा असते. यांना तीही नव्हती. पहिल्याच सामन्यात ज्याला जागा मिळत नाही, ते मूल खेळ आपल्यासाठी नाही असा फैसला मनाशी करून टाकते, आणि त्या फैसल्यावर पुढे अपील नसते. म्हणून मुख्याध्यापक महाशय, माझी अशी विनंती आहे की, चौथीपर्यंतच्या सामन्यांत दुसऱ्या डावाला राखीव तिघांना उतरविणे सक्तीचे करावे. त्यामुळे एखादा सामना हरला तर हरू द्यावा. त्या वयाच्या विजयाची नोंद कोणत्याही दप्तरात फार काळ राहत नाही.

आता पारितोषिके द्यावयाची आहेत. यादीत विजयी तुकडीचेच नाव आहे, असे मला दिसते. त्याआधी कालच्या दोन्ही संघांतील चोवीसही मुलांची नावे, राखीव मुलांपासून आरंभ करून, या व्यासपीठावरून वाचली जावीत. आणि त्याकरिता माझ्या भाषणाचा उरलेला वेळ मी क्रीडाशिक्षकांच्या स्वाधीन करतो.