लांबच्या रस्त्याने जाणारी रिक्षा



आजचा भाग स्वतःपासूनच सुरू करते. बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली. शेवटचे अकरा दिवस ते ज्या हॉस्पिटलमध्ये होते, त्या रस्त्याने मी नंतर गेलेच नाही. रिक्षावाल्याला लांबून घ्यायला सांगायचे. वीस रुपये जास्त गेले तरी चालतील, पण ते गेट नको. मग हळूहळू कुठलंच हॉस्पिटल नको झालं. मैत्रिणीला बाळ झालं, तर ती घरी आल्यावरच भेटायला गेले. आणि गेल्या महिन्यात आई म्हणाली, "अगं, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन तू चार महिने पुढे ढकलतेयस. मला आता पोथीतली अक्षरं दिसत नाहीत."

तेव्हा मी हादरले. माझ्या टाळण्याची किंमत आई मोजत होती.

असं का होतं? आपल्या मेंदूत दोन्ही बाजूंना, कानांच्या आतल्या अंगाला, हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. हा आठवणींचा भाग. १९५३ साली हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसाच्या फिट्स थांबाव्यात म्हणून ऑपरेशन करून तो बराचसा काढला, आणि पुढे त्याला नवीन घटना लक्षात ठेवता येईनात.

पण त्याचं आणखी एक काम आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेफ्री ग्रे यांनी मांडलं, की पुढे जावं की मागे फिरावं अशी ओढाताण झाली की हिप्पोकॅम्पस आणि त्याला जोडलेले भाग आपल्याला थांबवतात. थांब, आधी धोका बघ, असं सांगतात. म्हणजे आठवण आणि चिंता एकाच घरात राहतात.

उंदरांना मोकळ्या, भिंती नसलेल्या जागेची भीती वाटते. २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांना उंदरांच्या हिप्पोकॅम्पसच्या खालच्या भागात अशा पेशी आढळल्या, ज्या उंदीर अशा जागी गेला की जोरात काम करू लागतात. तिथून हायपोथॅलॅमसकडे जाणारा निरोप मुद्दाम वाढवला, तर उंदीर ती जागा आणखी टाळू लागले.

आता माझ्या रिक्षाकडे येऊ. हिप्पोकॅम्पस नुसती घटना ठेवत नाही. जागा, वास, उजेड, आवाज असं सगळं एकत्र बांधून ठेवतो. म्हणून फिनेलचा वास आला तरी छातीत धडधडतं. मी वळून गेले की लगेच हायसं वाटतं. ते हायसं वाटणं हेच बक्षीस. त्यामुळे पुढच्या वेळी वळणं आणखी सोपं होतं. पण यात एक मोठं नुकसान आहे. मी तिथे गेलेच नाही, तर 'गेले आणि काही वाईट झालं नाही' ही नवी आठवण तयार होणार कुठून?

प्रयोगांमधून असं दिसतं, की जुनी भीती सहसा पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवी आठवण बसते. आणि ती नवी आठवण जिथे शिकलो त्या जागेला चिकटलेली असते. म्हणून एकदा धीर करून भागत नाही. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी, थोडं थोडं जावं लागतं.

मी तसंच केलं. पहिल्या दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यासमोरच्या टपरीवर नुसता चहा घेतला. दुसऱ्या दिवशी आत जाऊन केसपेपर काढला. तिसऱ्या वेळी आईला घेऊन गेले. तळहात घामाने ओले होते, खोटं कशाला बोलू? पण मी अर्धा तास बसले, आणि धडधड हळूहळू उतरली.

एक सांगते. झोप, काम, घरच्यांशी संबंध यावर परिणाम होत असेल, तर एकट्याने झुंजू नका. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ हे काम पायरीपायरीने करून घेतात. सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइनही आहे, नंबर १४४१६.

आईचं ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे. बाबांच्या हॉस्पिटलचा रस्ता अजून राहिलाय. रिक्षावाल्याला एकदा सरळ घ्यायला सांगणार आहे.

तुम्ही कुठला रस्ता टाळताय, जरा आठवून बघा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.